तारेखालचा कापूस

मलकापूरच्या माणसाला कापसातलं कळतं, हे मी कधी नाकारलं नाही. बाकी कशातलं कळत नाही, हेही कधी लपवलं नाही, आणि त्यामुळे गावात माझं फारसं कुणाशी पटलं नाही. अजूनही पटत नाही. ज्या ऑर्केस्ट्राबद्दल सांगतोय तो आज कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही, आणि लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतंही. पण मी आयुष्यभर काय करायचं हे त्या ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर एका कापसाच्या बोळ्यानं ठरवलं, म्हणून लिहितो.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-पंधरा वर्षं झाली होती. मुंबईत जे जे असेल ते ते आपल्याकडेही पाहिजे, असं वारं तेव्हा वऱ्हाडात शिरलं होतं. कुणी टेरिलिनची पँट शिवली, कुणी केसांचा फुगा काढला, आणि आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी ऑर्केस्ट्रा काढला. मास्तर पेटी वाजवायचे. म्हणजे पेटीवर बोटं ठेवायचे आणि भात्याला जोरजोरात हलवायचे. त्यांना शाळेत चित्र काढता येत नव्हतं आणि ऑर्केस्ट्रात सूर लावता येत नव्हता, पण स्वतःला ते 'संचालक' म्हणवून घ्यायचे आणि छापील पत्रिकेवर आपलं नाव सर्वांच्या वर टाकायचे.

त्यांचे मेहुणे कापसाचे दलाल. पैसा त्यांचाच. त्यांनी आपल्या मुलासाठी मुंबईहून इलेक्ट्रिक गिटार आणली होती. पोकळ पेटीची, लाल रंगाची, आणि जरा वापरलेली. हा मुलगा म्हणजे मास्तरांचा भाचा, माझ्याच वयाचा. तो काळा चष्मा लावून वाजवायचा. मांडवातल्या पिवळ्या दिव्याखाली काळा चष्मा लावलेल्या माणसाला काय दिसत असेल, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "मले कायले दिसाले पाह्यजे? लोकायले मी दिसलो पाह्यजे." तेव्हा मी हसलो होतो. हे उत्तर पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे, हे मला कळायला हवं होतं.

गिटार एक आणि वाजवणारे दोघं. भाच्यानं पुढे उभं राहून बारीक तारांवर गाण्यांची चाल वाजवायची, आणि मी मागे खुर्चीवर बसून जाड तारांवर खर्जाचा भरणा करायचा, असं ठरलेलं. एकच गिटार असल्यामुळे हे दोन्ही एकाच गाण्यात कधीच होत नसे. एका गाण्याला तो, एका गाण्याला मी. ही साधी अडचणही मास्तरांच्या लक्षात यायला पुष्कळ दिवस लागले.

आता त्या जाड तारांची खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिटारला सहा तारा. त्यातल्या वरच्या अंगाच्या जाड असतात, वरून बारीक तारेनं गुंडाळलेल्या. त्यांचा आवाज खर्जातला. ही जाड तार एकदा छेडली की लवकर गप्प बसत नाही. पुढचा स्वर आला तरी मागचा घुमत राहतो. शिवाय दुसऱ्या तारेला धक्का लागला की ही बाई न छेडताही गुणगुणायला लागते. मुंबईला गिटारसाठी वेगळं यंत्र असतं म्हणे. आमच्याकडे मांडववाल्याचं भाषणाचं मशीन आणि बांबूला बांधलेले दोन भोंगे. त्या भोंग्यातून जाड तार अशी घुमायची, की गाणारी बाई कुठली ओळ गातेय हे तिलाही कळायचं नाही.

हा घुमारा बंद करायचा उपाय मला माहीत होता, आणि तो मला कुणी शिकवला नव्हता. भाच्याला कार्यक्रम नसेल तेव्हा गिटारीचा कंटाळा यायचा, मग ती माझ्याकडे घरी यायची. माझे वडील कोर्टात कारकून. रविवारी दुपारी जेवून ते पुढच्या खोलीत लवंडायचे, आणि मला त्याच वेळी वाजवायची सुरसुरी यायची. बारीक तारांचं त्यांना काही वाटायचं नाही, पण जाड तार वाजली की ते "अरे" म्हणून कूस बदलायचे. मग मी उजव्या हाताचा, करंगळीच्या खालचा तो मांसल भाग हळूच घोडीवर टेकवून बघितला. घोडी म्हणजे तारा ज्यावरून जातात ती पट्टी. हात घोडीच्या पुढे सरकला तर तार मेली, नुसतं 'ठक्' होतं. मागे राहिला तर पहिल्यासारखीच घुमते. पण तार जिथे घोडी सोडते, बरोब्बर त्या कडेवर हात नुसता ठेवला, दाबला नाही, तर स्वर गोल येतो आणि आपलं काम संपलं की गप्प होतो. लांबवायचा असेल तर हाताची कड जराशी उचलायची. शिवाय हाताला टेका मिळाल्यामुळे चिमटीतल्या नखीला तार शोधावी लागत नाही, ती आपोआप सापडते. आणि बारीक तारांवर चाल वाजवताना अंगठ्याची बाजू जाड तारांवर आडवी टाकली, की त्यांचं गुणगुणणं बंद. वडील कूस न बदलता झोपायला लागले, तेव्हा मला कळलं की जमलं.

हे मी तालमीला करून दाखवलं. तालीम मेहुण्यांच्या जिनिंगच्या गोदामात व्हायची. मी चार स्वर वाजवले असतील नसतील, तेवढ्यात मास्तर पेटी सोडून उठले.

"हात उचल, हात उचल! वाद्यावर रेलतोस काय? तक्क्या आहे का तो?"

"मास्तर, हात टेकल्यामुळे आवाज साफ येतो. ऐका तरी."

"ऐकायचं काय त्यात! सरस्वती आहे ती. तिच्या अंगावर हात टाकून बसतोस? आन् लोक काय म्हणतील? हात तर हलूनच नाही राह्यला. याच्याकडे पाहा जरा."

'याच्याकडे' म्हणजे भाच्याकडे. भाच्याचा हात खांद्यापर्यंत वर जायचा, तिथून तारांवर कोसळायचा, पुन्हा वर जायचा. उडदाच्या शेंगा झोडपणारा गडीसुद्धा यापेक्षा नेमकं मारतो. त्यात पाच तारा नको असताना वाजायच्या आणि हवी असलेली एक सुटायची. पण लोक टाळ्या वाजवायचे. आमच्या गावात वाजवणं डोळ्यांनी ऐकतात.

मेहुणे कापसाच्या गठाणीवर बसून हे बघत होते. ते कधी संगीतात तोंड घालत नसत, एवढा एक चांगुलपणा त्यांच्यात होता, आणि तोही त्या दिवशी संपला. ते म्हणाले, "कानात बोळा घातला का आवाज कमी होते. मंग तारेखाली घातला तं नाही होनार?" असं म्हणून त्यांनी शेजारच्या ढिगातली मूठभर रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, उचलली, वळकटी केली, आणि घोडीजवळ जाड तारांच्या खाली कोंबली. "वाजव आता."

मी वाजवलं. 'ढप्प.' स्वर नाही, काही नाही. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखं ढप्प.

सगळ्यांना केवढा आनंद झाला! घुमारा गेला, हे खरं. त्यासोबत स्वरही गेला, पण तो असताना तरी कुणाला कळत होता? मास्तर म्हणाले, "हे मुंबईवाल्यांना सुचलं नाही." ढोलकीवाल्यानं मेहुण्यांच्या पाया पडल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी बाजारात बातमी झाली, की मलकापूरच्या रुईनं विलायती वाद्य काबूत आणलं. गावाला आयुष्यात पहिल्यांदा संगीतातलं काही कळलं होतं, कारण त्यात कापूस होता.

मी तेव्हा वाद घातला नाही. वाद घातल्याशिवाय चालणार नाही असा प्रसंग अजून यायचा होता. तो गणपतीत आला. अकोल्याला तेव्हा एक मोठा ऑर्केस्ट्रा होता. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरायचा, कलाकारांना पगार द्यायचा. त्यांचा गिटारवाला नागपूरला निघून गेला होता, आणि आमच्या गणपतीतल्या कार्यक्रमाला त्यांचे मालक नवा गिटारवाला निवडायला येणार होते. भाचा नाहीतर मी. इकडे वडिलांनी ओळखीनं माझ्यासाठी लोणारच्या एका कचेरीत कारकुनाची जागा बघून ठेवली होती. दसऱ्यानंतर हजर व्हायचं होतं.

मी वडिलांना सांगितलं, "अकोल्याला निवड झाली तर मी लोणारला जाणार नाही."

ते पान लावत होते. म्हणाले, "झाली तं जा. मी आडवा नाही येत. नाही झाली तं मात्र नाटकं नाही करायची."

एवढं सरळ माझ्याशी आमच्या गावात दुसरं कुणी बोललं नव्हतं. मी हो म्हणालो, आणि मनातून अगदी निश्चिंत होतो. समोर भाचा होता. त्याच्याशी हरणं मला शक्यच वाटत नव्हतं.

कार्यक्रम दिवेलागणीला सुरू झाला. निवड असल्यामुळे या वेळी पहिला अर्धा भाग भाच्याचा, दुसरा माझा. काळा चष्मा, खांद्यापर्यंत हात, तारेखाली कापूस. बारीक तारा किंचाळत होत्या आणि जाड तारा ढप्प ढप्प करत होत्या. अकोल्याचे मालक पहिल्या रांगेत, मास्तर आणि मेहुण्यांच्या मध्ये, मांडीवर ताल धरून बसले होते. तालही चुकीचा धरला होता. त्या वेळी मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

मग माझी पाळी आली. भाच्यानं गिटार माझ्या हातात दिली आणि खंजिरी घेऊन माझ्या बाजूला उभा राहिला. मी खुर्चीवर बसलो, दोन बोटांनी तारेखालचा बोळा ओढून काढला, खिशात घातला, आणि हात घोडीवर टेकवला.

त्या संध्याकाळसारखं मी पुन्हा कधी वाजवलं नाही. जाड तारेचा प्रत्येक स्वर त्या भिकार भोंग्यातून गोल आणि स्वच्छ बाहेर पडत होता, आणि जागच्या जागी संपत होता. गाणाऱ्या बाईनं पहिल्या कडव्यानंतर वळून बघितलं. तिला पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू आला असणार. एका संथ गाण्याच्या सुरुवातीला खर्जाचा लांब स्वर होता. तिथे मी हाताची कड अलगद उचलली, आणि तो स्वर मांडवाच्या शेवटच्या बांबूपर्यंत जाऊन आला. मी सुखात होतो, हे आज इतक्या वर्षांनीही सांगायला मला लाज वाटत नाही.

कार्यक्रम संपल्यावर मालक स्टेजवर आले. मास्तरांना म्हणाले, "नंतरच्या भागात खालचा आवाज लय साफ आला हो. पह्यले तसा नव्हता."

"कापूस," मास्तर छाती काढून म्हणाले. "आधी नवा होता. नंतर बसला नीट."

मी पुढे झालो. खिशातून बोळा काढून तळहातावर धरला. म्हणालो, "कापूस इथे आहे. मी वाजवायच्या आधी काढला. आवाज हातामुळे साफ आला."

आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल, अशी माझी समजूत. मालकांनी माझ्या तळहातावरचा बोळा उचलला. त्यातली चिमूटभर रुई घेतली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढली, पुन्हा जुळवली, पुन्हा ओढली, आणि दिव्यासमोर धरली. आमच्या भागात कापूस हातात आला की माणूस आधी धागा बघतो. सोयरीक तुटायला आली असेल तरी आधी धागा बघेल.

"लांब धाग्याची हाय," मालक म्हणाले.

"आपल्या जिनातली," मेहुणे म्हणाले. "रोहिणखेडकडच्या काळ्या मातीतला माल. ओल बिलकुल नाही."

"तेच म्हनलं."

"अहो, पण ती तारेखाली नव्हतीच!" मी ओरडलो.

मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं कचेरीत साहेब अर्धवट अर्जाकडे बघतो. म्हणाले, "आत्ता नव्हती. पन इतके दिवस तं होती ना? तारेनं वढून घेतला असंल गुन." आणि मास्तरांनी मान डोलावली. शाळेत मुलांना शिकवणारा माणूस! मालकांनीही मान डोलावली. ढोलकीवाल्याचं तर विचारूच नका. हातात पुरावा घेऊन उभा असलेला मीच तिथे खोटा ठरलो होतो.

मग मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी वाजोता चांगलं. पन हात हलून नाही राह्यला तुमचा. पब्लिक म्हनंल, याले झोप लागली का काय. मले दिसनारा मानूस पाह्यजे." आणि भाच्याला म्हणाले, "तू चाल."

भाचा चष्मा काढून पुसत उभा राहिला. दोन दिवसांनी तो अकोल्याला गेला. बरोबर लाल गिटार आणि गोणीभर रुई.

वडील मांडवात शेवटच्या रांगेत होते. घरी येताना मी त्यांना विचारलं, "तुम्हाला कसं वाटलं?" ते जरा ओशाळले. म्हणाले, "तुहं सुरू झालं आन् मले डुलकी लागली रे. चांगलंच असंल." सगळ्या गावात माझा हात ओळखणारे तेवढे एकटेच निघाले. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही केलं नाही.

दसऱ्यानंतर मी लोणारला हजर झालो. लोणारला एक मोठा खड्डा आहे, त्यात खारं पाणी आहे. बाहेरगावचे लोक एसटीनं येतात, कठड्याशी उभे राहून डोकावतात, वास आला की नाक दाबतात, "बापरे" म्हणतात आणि परतीची गाडी धरतात. मला परतीची गाडी नव्हती. मी सह्या, शिक्के, आवक-जावक करत राहिलो. लग्न झालं, मुलं झाली. गिटार पुन्हा हातात धरली नाही. धरायला ती होती कुठे? कुणी गाण्याबजावण्याचा विषय काढला तर मी मलकापूरच्या रुईची गोष्ट सांगायचो. मास्तरांची छाती, मेहुण्यांचा गुण ओढून घेणारा सिद्धांत, मालकांनी दिव्यासमोर धरलेला धागा, सगळं नक्कल करून. कचेरीतले लोक पोट धरून हसायचे. गाढवांच्या कळपात सापडलो होतो, असं मी शेवटी म्हणायचो, आणि ते म्हटलं की मला बरं वाटायचं. एवढ्या सगळ्यांना एकदम मूर्ख ठरवलं, की हरल्याचं फारसं लागत नाही.

पुढे एका नवरात्रात अकोल्याचा तो ऑर्केस्ट्रा लोणारला आला. शाळेच्या मैदानात स्टेज बांधत होते. दुपारी कचेरीतून जेवायला घरी निघालो होतो. भोंगे लावून झालेले, माणसं जेवायला पांगलेली. आणि त्या भोंग्यातून एक जाड तार वाजली.

मी रस्त्यात थांबलो. गोल स्वर. स्वच्छ. काम संपल्यावर गप्प झालेला. मागून दुसरा, तिसरा. मग एक लांब स्वर, कड उचलून सोडलेला.

मी मैदानाला वळसा घालून स्टेजच्या मागून वर गेलो. भाचा एकटाच खुर्चीवर बसला होता. चष्मा बाजूला काढून ठेवलेला, पोट सुटलेलं, कपाळ मागे गेलेलं. उजव्या हाताची कड घोडीवर टेकलेली, बरोब्बर तिथेच. तारेखाली कापूस नव्हता.

त्यानं मला बघितलं, आणि हात उचलला नाही.

"कुठं शिकला बे हे?" मी विचारलं.

"मलकापूरले," तो म्हणाला. "त्याच दिवशी. मी तुह्या बाजूलेच तं उभा होतो. तू बोळा काढून खिशात घातला तेही दिसलं, हात कुठं टेकला तेही दिसलं."

"तुले माहीत होतं?"

"हाव. आवाज हाताचा होता, हे मले माहीत होतं."

"मंग बोलला काऊन नाही तू? मी तिथं गळा फाडून सांगून राह्यलो होतो. तू एक शब्द बोलला असता तं—"

"बोललो असतो तं लोणारले मी असतो," तो म्हणाला.

तो हे उर्मटपणे बोलला नाही. अगदी साधं, वेळ विचारली तर सांगावी तसं.  

तेवढ्यात मालकांची हाक आली. भाच्यानं घाईनं शर्टाच्या खिशातून कापसाची वळकटी काढली आणि तारांखाली कोंबली. "मालकाले हात टेकलेला खपत नाही अजून," तो म्हणाला. "कोनी नसलं का असा वाजवतो घटकाभर. संध्याकाळी ये आइकाले." चष्मा लावला आणि उभा राहिला.

संध्याकाळी मी गेलो नाही. पण भोंग्यांचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येतच होता. ढप्प, ढप्प, ढप्प, आणि वर लोकांच्या टाळ्या. बायको तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "काय वाजवून राह्यला हो हा मानूस, धुनं धोपटल्यासारखं! काहीच येत नाही का याले?"

गाढवांच्या कळपाचं नेहमीचं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

मी म्हटलं, "येते त्याले."